डोनेपेझिल आपल्याच जागी परत बसत नाही तेव्हा

मार्च लागला की माझ्या फोनवर एकच गाऱ्हाणं सुरू होतं. कॉलेज वेगळं, प्रथिन वेगळं, रडणं तेच: "सर, स्फटिकातला लिगंड काढला, तोच परत डॉक केला, तर तो भलतीकडेच जाऊन बसून राहिला. स्कोअर तर मस्त आहे!" (डॉकिंग म्हणजे औषधासारखा छोटा रेणू, म्हणजे लिगंड, प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल ते संगणकाने शोधणं. बसण्याच्या ढबीला पोझ म्हणतात आणि तिला मिळणाऱ्या गुणांना स्कोअर, जितका उणे तितका चांगला. प्रथिनाच्या स्फटिकावरून खरी पोझ आधीच माहीत असते; रेणू तिथेच परत बसतो का ते बघणं म्हणजे री-डॉकिंग.) सबमिशन दोन महिन्यांवर आलेलं असतं आणि गाइडनी समासात पेन्सिलीने 'व्हॅलिडेशन?' एवढंच लिहून ठेवलेलं असतं.

यंदाची केस संत्र्याची होती. एम.फार्म.च्या शेवटच्या सत्रातली मुलगी, विषय नागपुरी संत्र्याच्या सालीतले फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींतली एक प्रकारची रसायनं) आणि स्मृतिभ्रंशाच्या औषधांचं एक जुनं लक्ष्य, ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम. विषय गाइडला का आवडला ते कळतं. मृग बहार संपत आला की कळमन्याच्या बाजारात साल फुकट मिळते, आणि विदर्भात संत्र्यावर काम करतोय म्हटलं की कुणी 'हेच का' असं विचारत नाही. रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन घरी आली. कूलर फुल स्पीडवर, तरी लॅपटॉपचा पंखा त्याच्याहून मोठ्याने ओरडत होता.

"सर, काऊन असं होऊन राहिलं? व्हिना सोडून दुसरं सॉफ्टवेअर घेऊ का?"

नको. (व्हिना म्हणजे तिचा डॉकिंगचा प्रोग्रॅम.) री-डॉकिंग फसलं की सॉफ्टवेअर बदलायची हुक्की येते, पण बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरला दिलेल्या फायलींत असतो किंवा निकाल वाचण्यात असतो. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमला दिली तर तोही चुकेल, फक्त वेगळ्या सुबक चित्रासह. तिच्या फायलींत तीन चुका निघाल्या. त्यातली एकही नवीन नव्हती, म्हणूनच हे लिहितोय. त्या दिवशी कुठली चूक आधी सापडली ते महत्त्वाचं नाही. मी ज्या क्रमाने शोधतो त्या क्रमाने सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढी अट पाळा.

ज्या रचनेवर ती काम करत होती ती मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत ती फार चालते. पीडीबी या प्रथिनांच्या रचनांच्या भांडारातला कोड १ईव्हीई. १९९९ साली वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने प्रसिद्ध केलेली, २.५ अँगस्ट्रॉम स्पष्टतेची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). एन्झाइम टॉर्पेडो या विजेचा झटका देणाऱ्या माशाचं, आत बसलेला रेणू डोनेपेझिल, स्मृतिभ्रंशावरचं औषध. या एन्झाइमचं क्रियास्थान पृष्ठभागावर नाही. सुमारे २० अँगस्ट्रॉम खोल, अरुंद घळ आहे आणि तिच्या भिंती सुगंधी वलयांच्या अमिनो आम्लांनी मढवलेल्या आहेत. डोनेपेझिल त्या घळीत उभाच्या उभा बसतो: बेंझिलचं टोक तळाशी ट्रिप्टोफॅन ८४ ला चिकटून, डायमेथॉक्सी-इंडॅनोनचं टोक तोंडाशी ट्रिप्टोफॅन २७९ ला चिकटून, मधला भारित नायट्रोजन फिनाइलअ‍ॅलनिन ३३० जवळ. हे चित्र डोळ्यांत पक्कं ठेवा. आकडा काहीही म्हणो, पोझ बरोबर की चूक हे या तीन खुणांवरून कळतं.

आधी फुटपट्टी तपासा

तिने सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं: री-डॉकिंग आरएमएसडी ०.०००. (आरएमएसडी म्हणजे दोन पोझमधल्या अणूंचं एक प्रकारचं सरासरी अंतर.) गाइडला शंका आली, ती बरोबरच होती. व्हिनाच्या निकालात स्कोअरच्या शेजारी आरएमएसडीचे दोन स्तंभ येतात आणि पहिल्या ओळीत दोन्हीकडे शून्य असतं. कायम असतं. ते अंतर स्फटिकातल्या पोझपासूनचं नाहीच. व्हिनाच्या स्वतःच्या सगळ्यात चांगल्या पोझपासूनचं आहे. म्हणजे पहिल्या पोझचं पहिल्या पोझपासूनचं अंतर. माझं घर माझ्या घरापासून किती लांब, असला प्रकार. स्फटिकातली पोझ कुठे होती हे व्हिनाला कुणी सांगितलेलंच नसतं. हे शून्य मी छापील प्रबंधांतही पाहिलंय.

दुसरा सापळा याच्या उलट. पायमॉल या रेणू बघायच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही लिगंड उघडायचे आणि अलाइन करून आकडा घ्यायचा. अलाइन आधी एक रेणू उचलून दुसऱ्यावर बसवतं, मग अंतर मोजतं. लिगंड घळीच्या बाहेर पडलेला असला तरी आकडा देखणा येतो, कारण मोजला गेला फक्त आकार, जागा नाही. न हलवता मोजायचं असतं.

तिसरा सापळा बरोबर असलेल्या पोझला नापास करतो. व्हिनाला लागणारी पीडीबीक्यूटी फाइल बनताना अणूंचा क्रम बदलतो, कारण ती फाइल फिरणाऱ्या बंधांच्या झाडाप्रमाणे लिहिली जाते. मूळ पीडीबी आणि निकाल यांची ओळीला ओळ लावून वजाबाकी केली तर तुम्ही एका कार्बनचं दुसऱ्याच कार्बनपासूनचं अंतर मोजता. शिवाय बेंझिलचं वलय अर्धा फेरा फिरलं तरी रासायनिकदृष्ट्या तेच राहतं, पण अणूंची नावं अदलाबदल होतात आणि आकडा उगीच फुगतो. ओपन बॅबेल या रेणूंच्या फायली बदलणाऱ्या प्रोग्रॅमसोबत येणारी ओबीआरएमएस ही आज्ञा समरूपता धरून आणि रेणू न हलवता मोजते. तीच वापरा. निकालाची पीडीबीक्यूटी परत एसडीएफ या रेणूंच्या नेहमीच्या फाइलमध्ये आणताना बंधांचे प्रकार बिघडतात, कारण त्या फाइलमध्ये ते लिहिलेलेच नसतात. लिगंड मीको या व्हिनासाठी फायली बनवणाऱ्या प्रोग्रॅमने तयार केला असेल तर मीकोनेच परत काढा. तो स्माइल्स (रेणूची एका ओळीत अक्षरांनी लिहिलेली रचना) शेऱ्यात जपून ठेवतो.

दोन अँगस्ट्रॉमच्या आत म्हणजे पास, हा संकेत आहे, निसर्गनियम नाही. डोनेपेझिलसारख्या लांब रेणूला तो चालतो. सहा-सात अणूंचा चिमुकला तुकडा मात्र उलटा पडूनही दोनच्या आत येऊ शकतो.

योग्य फुटपट्टीने मोजल्यावर तिचा रेणू खरोखरच चुकलेला निघाला. म्हणजे शोध पुढे.

बॉक्स: बिंदू की अँगस्ट्रॉम?

कॉन्फिग फाइल उघडली. बॉक्सचा, म्हणजे व्हिनाने ज्या चौकटीत शोधायचं तिचा, आकार ६०, ६०, ६०. मी हसलो, ती घाबरली.

हे ६० कुठून येतात ते सांगतो. ऑटोडॉक टूल्स या डॉकिंगच्या फायली तयार करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ग्रिड खिडकीत बॉक्सचा आकार बिंदूंमध्ये दाखवतात आणि दोन बिंदूंमधलं अंतर मुळात ०.३७५ अँगस्ट्रॉम असतं. तिथले ६० बिंदू म्हणजे साडेबावीस अँगस्ट्रॉम. या घळीला ठीकच. पण व्हिना आकार सरळ अँगस्ट्रॉममध्ये घेतो. तेच ६० व्हिनाला दिले की बॉक्सचं घनफळ २,१६,००० घन अँगस्ट्रॉम होतं. २७,००० च्या वर गेलं की व्हिना स्वतः इशारा छापतो. इथे आठपट गेलंय. तो इशारा तिच्या लॉगमध्ये होता. लॉग कुणी वाचत नाही, हा वेगळाच आजार.

एवढ्या बॉक्समध्ये जवळजवळ सगळं प्रथिन येतं. लिगंडला पृष्ठभागावर चिकटायला शंभर जागा मिळतात आणि घळीच्या अरुंद तोंडातून आत उतरायची वाट शोधायला वेळ उरत नाही. घर शोधायचं धरमपेठेत आणि फिरायचं अख्खं नागपूर. उलटी चूकही होते: व्हिनाचे २२ अँगस्ट्रॉम ऑटोडॉक ४ ला २२ बिंदू म्हणून दिले, तर सव्वाआठ अँगस्ट्रॉमची डबी मिळते आणि डोनेपेझिल तिच्यात मावतच नाही.

मध्यबिंदू स्फटिकातल्या लिगंडच्या अणूंच्या सरासरीवरून काढा. फक्त एक बघा: मधल्या काळात तुम्ही प्रथिन हलवलंय का? दुसऱ्या रचनेवर बसवलं असेल किंवा सिम्युलेशनच्या प्रोग्रॅमने ते पेटीच्या मध्यभागी आणून ठेवलं असेल, तर जुने निर्देशांक हवेतल्या जागेचे असतात. बॉक्स आणि प्रथिन एकाच चित्रात उघडून डोळ्यांनी बघायला एक मिनिट लागतं.

आम्ही बॉक्स साडेबावीसवर आणला. इशारा गेला. लिगंड घळीत उतरला, पण वाकडा. ट्रिप्टोफॅन २७९ पाशी इंडॅनोन होतं, तळाशी बेंझिल मात्र आडवं अडकलेलं. "झालं ना सर?" नाही झालं.

खरी गोम लिगंडमध्ये

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथली चूक कुठल्याही लॉगमध्ये दिसत नाही.

डोनेपेझिलमध्ये एक किरल कार्बन आहे, कीटोनच्या अगदी शेजारी; म्हणजे त्याच्यामुळे रेणूची आर आणि एस अशी एकमेकांची आरशातली दोन रूपं होतात. औषध रॅसेमिक, म्हणजे दोन्ही रूपांचं मिश्रण, म्हणूनच विकलं जातं आणि पबकेम या रसायनांच्या कोशातल्या मुख्य नोंदीत त्या कार्बनची दिशा लिहिलेली नाही. दिशाहीन स्माइल्सवरून त्रिमितीय रूप बनवायला सांगितलं की प्रोग्रॅम बिचारा एक बाजू निवडतो. कुठली निवडली ते सांगत नाही. १ईव्हीईच्या स्फटिकात आर रूप बसलेलं आहे. तिच्या फाइलमध्ये एस होतं. म्हणजे तिने 'तोच' लिगंड परत डॉक केलाच नव्हता. त्याचा आरशातला भाऊ केला होता.

मग भार. डोनेपेझिलमधल्या पिपरिडीन या वलयाचा नायट्रोजन शरीराच्या ७.४ पीएचला प्रोटॉन घेऊन धन भारित असतो, आणि या घळीत त्याचं सगळं महत्त्व त्या भारामुळेच आहे. व्हिना आंशिक भार वापरत नाही, म्हणून काहीजण म्हणतात 'फरक काय पडतो?' पडतो. त्या नायट्रोजनवर हायड्रोजन आहे की नाही यावरून व्हिना त्याला हायड्रोजन बंधाचा दाता मानतो की नाही, ते ठरतं.

आणि आता ती गोष्ट, जी मला स्वतःला दोन वर्षं कळली नव्हती. डॉकिंगमध्ये एकेरी बंध फिरतात, पण वलयं गोठलेली असतात. पिपरिडीनचं सहा अणूंचं वलय तुम्ही खुर्चीच्या रूपात दिलं तर शेवटपर्यंत खुर्ची, नावेच्या रूपात दिलं तर शेवटपर्यंत नाव. त्यावरचा बेंझिल इक्वेटोरियल (वलयाच्या बाजूने बाहेर) दिशेला आहे की ॲक्सियल (वलयाला उभा), हेही सुरुवातीच्या फाइलमध्येच ठरून जातं. घाईत बनवलेल्या रूपात तो ॲक्सियल आला तर रेणू मधेच कोपरात वाकतो. स्फटिकात रेणू सरळ लांब आहे. वाकलेला रेणू अरुंद घळीत सरळ उतरणार कसा? एक्झॉस्टिव्हनेस (व्हिनाने किती कसून शोधायचं तो आकडा) ८ चा ८०० केला तरी उतरणार नाही, कारण तो पर्याय शोधाच्या बाहेरच आहे. मीको मोठी वलयं तोडून लवचीक करतो, पण ती सातपेक्षा लहान नसावी लागतात. सहाचं वलय त्यालाही गोठलेलंच.

उपाय साधा आहे. आरडीकिट या रेणूंच्या प्रोग्रॅममधून दहा-वीस रूपं तयार करा, ऊर्जा कमी करा, वलयांची वेगवेगळी रूपं निवडा आणि प्रत्येक स्वतंत्र लिगंड म्हणून डॉक करा. आर आणि एस दोन्ही करा. डोनेपेझिलसाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे.

काहीजण यातून एक पळवाट काढतात: स्फटिकातलाच लिगंड जसाच्या तसा उचलायचा, पीडीबीक्यूटी बनवायची, डॉक करायचा. वलय बरोबर, किरलता बरोबर, बंधांच्या लांब्या बरोबर; आरएमएसडी झकास. पण उद्या संत्र्याच्या सालीतलं हेस्परिडिन डॉक करताना त्याची अशी आयती फाइल कुठून आणणार? ज्या पद्धतीने नवे रेणू बनवणार, त्याच पद्धतीने, स्माइल्सपासून, जुना रेणूही बनवा. तरच ती परीक्षा.

ही पळवाट निदानासाठी मात्र फार उपयोगी आहे. दोन्ही डॉक करा: स्फटिकातला जसाच्या तसा आणि स्माइल्सपासून बनवलेला. पहिला जागेवर बसला आणि दुसरा नाही, तर दोष लिगंडच्या तयारीत. दोन्ही चुकले तर दोष बॉक्स, प्रथिन किंवा स्कोअरिंगमध्ये. आमच्याकडे पहिला अचूक बसला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

प्रथिन: काय पुसलं, काय ठेवलं

हा भाग तिच्या बाबतीत ठीक होता, म्हणून थोडक्यात. पण दुसऱ्यांच्या बाबतीत निम्मी भानगड इथेच असते.

'पाण्याचे सगळे रेणू काढा' ही ओळ प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये छापलेली असते, जणू आंघोळीआधी चप्पल काढायची तशी. बघून काढा. डोनेपेझिल या एन्झाइमच्या उत्प्रेरक त्रिकुटाला (रासायनिक काम करणाऱ्या तीन अमिनो आम्लांना) थेट शिवतच नाही. मधे पाणी आहे. तरी इथे वलयांची चिकटण इतकी जबर आहे की पाणी काढूनही पोझ सापडते. एचआयव्ही प्रोटिएज या विषाणूच्या एन्झाइममध्ये तसं नाही. इंडिनाविर या औषधाच्या १एचएसजी या रचनेत दोन्ही झडपांवरचे आयसोल्युसीन ५० आणि औषध यांना एकच पाण्याचा रेणू बांधून ठेवतो. तो पुसला की तिथे पोकळी राहते आणि लिगंड ती भरायला सरकतो. गंमत म्हणजे ड्यूपाँट मर्कच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चक्रीय युरियांमध्ये नेमकं तेच पाणी हाकलून त्याची जागा घेणारा कार्बोनिल बसवला होता. पाणी काढणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. सवय असू नये.

त्याच प्रथिनात दोन ॲस्पार्टेट २५ समोरासमोर आहेत आणि इनहिबिटर बसलेला असताना त्यांपैकी एकावर प्रोटॉन धरायचा असतो. हिस्टिडीनचंही तसंच: हायड्रोजन कुठल्या नायट्रोजनवर ते प्रोग्रॅमच्या डीफॉल्टवर सोडू नका, प्रोपका हा प्रोटॉनचा अंदाज देणारा प्रोग्रॅम चालवा, मग आजूबाजूला बघून ठरवा. 'हेटॅटम' (फाइलमधल्या प्रथिनाबाहेरच्या अणूंच्या ओळी) पुसताना जस्तही पुसलं गेलं, असा कार्बोनिक अनहायड्रेज हा एन्झाइम मी पाहिलाय. ज्या धातूला सल्फोनामाइड औषधाचा रेणू धरून बसतो तोच नाहीसा, आणि खाली लिहिलंय 'उत्तम बंधन आढळले'.

आणखी एक नागपुरी नव्हे, सार्वत्रिक घोळ: क्रमांकांचा. टॉर्पेडोमधला ट्रिप्टोफॅन ८४ माणसात ८६, २७९ तो २८६, आणि फिनाइलअ‍ॅलनिन ३३० च्या जागी माणसात टायरोसिन ३३७ आहे. माशाच्या रचनेवर डॉक करून चर्चेत माणसाचे क्रमांक लिहिणारे प्रबंध आहेत. माणसाचंच एन्झाइम हवं असेल तर डोनेपेझिलसह ४ईवाय७ ही रचना उपलब्ध आहे. सरळ तीच घ्या.

शोध चुकला की गुण देणारा चुकला?

एवढं करूनही पोझ चुकत असेल तर एक चाचणी सगळं स्पष्ट करते, आणि ती फारच कमी लोक करतात. स्फटिकातली पोझ घ्या, व्हिनाच्या लोकल-ओन्ली पर्यायाने जागच्या जागी थोडी सैल होऊ द्या आणि तिचा स्कोअर नोंदवा. मग डॉकिंगमधल्या सगळ्यात वरच्या चुकीच्या पोझच्या स्कोअरशी ताडून बघा.

स्फटिकातल्या पोझचा स्कोअर जास्त चांगला निघाला, म्हणजे व्हिनाला खरी जागा आवडते, पण तो तिथपर्यंत पोचला नाही. शोध अपुरा. एक्झॉस्टिव्हनेस मुळात ८ असतो, तो ३२ करा; बॉक्स घट्ट करा; वलयाची रूपं वाढवा. उलट चुकीच्या पोझलाच जास्त गुण मिळत असतील तर शोध आपलं काम करून बसलाय आणि गुण देणारं सूत्र फसलंय. मग कितीही वेळ चालवा, चूक आणखी ठामपणे येईल. अशा वेळी पाणी परत आणणं, धातू बघणं, दुसरं स्कोअरिंग वापरणं याला अर्थ आहे. 'सॉफ्टवेअर बदलू का' हा प्रश्न विचारायची योग्य वेळ हीच.

खरी पोझ नऊ निकालांत तिसरी-चौथी आली असेल तर तेही लिहा. 'सापडली पण पहिली आली नाही' ही माहिती आहे, लाज नाही.

व्हिनाचा शोध यादृच्छिक आहे, म्हणून एकाच धावेवर भरवसा ठेवू नका. पाच वेगळे सीड (यादृच्छिक शोधाची सुरुवात ठरवणारे आकडे) द्या. पाचही वेळा तीच पोझ आली तर शोध स्थिर. दर वेळी नवं काही आलं तर शोध अजून चाचपडतोय. आणि सीड लिहून ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी वीज जाते, आणि मधेच तुटलेली धाव व्हिना पुढे चालू करत नाही. शंभर लिगंडची यादी लावणार असाल तर स्क्रिप्टमध्ये एवढंच घाला: निकालाची फाइल आधीच पूर्ण असेल तर तो लिगंड सोडून पुढे जा. अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजली जाऊ नये म्हणून आधी तात्पुरत्या नावाने लिहा, धाव संपल्यावर नाव बदला. हे मी एका रात्रीचं काम घालवून शिकलो.

आणि मग संत्र्याची साल

आर रूप, प्रोटॉन घेतलेला नायट्रोजन, इक्वेटोरियल खुर्ची, साडेबावीसचा बॉक्स. स्माइल्सपासून बनवलेलं डोनेपेझिल पाचही सीडना घळीत सरळ उभं राहिलं, दोनच्या बरंच आत. चार वाजले होते. चहा झाला, आणि मग तिने हळूच मूळ दुखणं काढलं: जुन्या धावेत हेस्परिडिनचा स्कोअर डोनेपेझिलपेक्षा चांगला आला होता. गोषवाऱ्यात तसं लिहूनही झालं होतं.

हेस्परिडिन म्हणजे संत्र्याच्या सालीतला मुख्य फ्लॅव्होनॉइड, पाठीवर दोन साखरांचं गाठोडं घेतलेला. रेणुभार ६१० च्या वर, हायड्रोजन सोडून ४३ अणू. डोनेपेझिलचे २८. व्हिनाचा स्कोअर म्हणजे मुळात अणूंच्या जोड्यांच्या स्पर्शाची बेरीज. जास्त अणू, जास्त स्पर्श, जास्त गुण. फिरणाऱ्या बंधांसाठी वजावट आहे, पण ती सौम्य. हेस्परिडिनमध्ये हायड्रॉक्सिल धरून असे पंधरा बंध निघतात, म्हणजे शोधही तितकाच कठीण. समजा त्याला उणे ११ मिळाले आणि डोनेपेझिलला उणे १०.५. अणूमागे भागून बघा: ०.२६ आणि ०.३८. भरपूर सामान घेऊन आलेला पाहुणा जास्त जवळचा असतो असं नाही.

शिवाय तो अर्धा गुणाचा फरक. व्हिनाच्या २०१० च्या मूळ शोधनिबंधात त्याची प्रमाणित चूक २.८५ किलोकॅलरी दिलेली आहे. खोलीच्या तापमानाला १.३६ किलोकॅलरी म्हणजे बंधनात दहापट फरक. म्हणजे हत्याराची स्वतःची चूकच शंभरपटीच्या पुढची, आणि आपण दशांशावर नंबर काढतो. स्कोअरवरून 'हा औषधापेक्षा सरस' हे वाक्य लिहिता येत नाही. 'हा बघण्यासारखा आहे' एवढं लिहिता येतं, तेही पोझ पटली तर.

पोझ उघडली. मोठ्या बॉक्समधलं हेस्परिडिन घळीत नव्हतंच. एन्झाइमच्या पाठीवरच्या एका खाचेत साखरा पसरून बसलं होतं. नव्या बॉक्समध्ये ते घळीच्या तोंडाशी आलं आणि तिथेच अडकलं; टायरोसिन १२१ आणि फिनाइलअ‍ॅलनिन ३३० यांच्यामधल्या चिमट्यातून साखरांचं गाठोडं खाली जाईना. स्कोअर घसरला. तिचा चेहराही. "सर, आता गाइडला काय सांगू?"

हेच सांग, म्हटलं. आणि हेही की आतड्यातले जीवाणू त्या साखरा तोडतात. पुढे रक्तात जायचं ते मुख्यतः हेस्परेटिनच्या वाटेने. मग डॉक काय करायला हवं होतं? हेस्परेटिन: २२ अणू, साखरा नाहीत. त्यालाही एक किरल कार्बन आहे, त्याची दिशा एस, ती स्माइल्समध्ये लिहिलेली आहे का ते आधी बघ. हे तिने स्वतःच तपासलं, मला सांगावं लागलं नाही. हेस्परेटिन पाचपैकी चार सीडना घळीत उतरलं. पाचव्यात उलटं बसलं, आणि प्रबंधात तेही आलंय.

गाइडनी गोषवारा बदलू दिला. तक्त्यात आता डोनेपेझिलच्या ओळीत खरा आरएमएसडी आहे, खाली बॉक्सचा आकार अँगस्ट्रॉममध्ये, सीड, लिगंड कसे बनवले ते, आणि हेस्परिडिन घळीत का मावत नाही याचा एक परिच्छेद. पुढची पायरी एलमनची १९६१ ची चाचणी: एन्झाइमने ॲसिटिलथायोकोलिन तोडलं की डीटीएनबी या रसायनातून पिवळा रंग सुटतो, तो ४१२ नॅनोमीटरच्या प्रकाशाला मोजायचा. त्यासाठी मिळणारं एन्झाइम बहुधा विद्युत ईल माशाचं असतं, म्हणजे रचना एका माशाची, चाचणी दुसऱ्या माशावर आणि औषध माणसाला. चर्चेच्या प्रकरणात याला एक ओळ द्यायचं ठरलंय. ॲसिटिलथायोकोलिन आयोडाइडची बाटली मागवली आहे. बर्फाच्या पिशव्यांसह पाठवली म्हणतात. या उन्हात पिशव्या नागपूरपर्यंत बर्फाच्या राहतात का ते बाटली आल्यावर कळेल.